घरी बनवायच्या गिटारसाठी फ्रेटबोर्ड कसा निवडावा

गिटार घरी बनवायला घेतली की नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, कोणतं लाकूड लावायचं हा प्रश्न लवकरच समोर येतो. रोझवूड घ्यावं, एबनी घ्यावं की मेपल? लोक यावर तासन्‌तास बोलतात आणि बोलणं बहुतेक वेळा आवाजावर येऊन थांबतं. रोझवूडचा सूर ऊबदार, मेपलचा चमकदार वगैरे. माझ्या मते पहिल्यांदा गिटार बनवणाऱ्याने या प्रश्नाला तिसऱ्या क्रमांकावर ठेवावं. त्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: पट्टीची मापं, आणि त्या लाकडात पाणी किती आहे. महाराष्ट्राच्या हवेत दुसरी गोष्ट सगळ्यांत जड पडते, म्हणून तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

फ्रेटबोर्ड ही नेकच्या वर चिकटवलेली साधारण 6 मिलिमीटर जाडीची पट्टी. तिच्यात आडव्या खाचा पाडतात आणि प्रत्येक खाचेत धातूचा फ्रेट ठोकून बसवतात. फ्रेटचा वरचा भाग गोलसर असतो आणि खाली एक पातळ जीभ असते, जिच्यावर बारीक दाते असतात. हे दाते लाकडात रुतून बसतात. तार दाबली की बोट लाकडाला लागतं, पण तार अडते ती धातूवर. म्हणजे लाकडाची खरी कामं तीन. फ्रेटचे दाते वर्षानुवर्षं घट्ट धरून ठेवायचे, बोटांची नखं आणि ओढलेल्या तारा यांनी होणारी झीज सोसायची, आणि नेकच्या आतल्या ट्रस रॉडवर (नेकचा वाक आवरणाऱ्या धातूच्या सळईवर) झाकण होऊन नेकला ताठपणा द्यायचा.

मिरजेच्या सतारी ज्यांनी जवळून पाहिल्या असतील त्यांना एक फरक लगेच जाणवेल. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात, आणि वादक रागाप्रमाणे पडदा थोडा वर-खाली सरकवून घेतो. गिटारमध्ये ती सोय नाही. खाच एकदा पाडली की त्या जागेचा सूर कायमचा ठरला. म्हणून मापं आधी.

मापं: स्केल, खाचा, गोलाई

नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) तारेची जी मोकळी लांबी असते तिला स्केल लांबी म्हणतात. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर-टेलिकास्टरची 648 मिमी, गिब्सनच्या लेस पॉलची सुमारे 628 मिमी, क्लासिकल गिटारची बहुतेक वेळा 650 मिमी. लांब स्केलवर तार जास्त ताणावी लागते आणि फ्रेटमधली अंतरं मोठी होतात, आखूड स्केलवर तार मऊ लागते आणि बेंड करायला, म्हणजे सूर चढवण्यासाठी बोटाने बाजूला ओढायला, सोपी जाते. तुमचा हात लहान असेल तर आखूड स्केल घ्यायला अजिबात संकोच करू नका.

फ्रेटच्या जागा काढायचं गणित सोपं आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक पायरीवर तारेची लांबी 1.059463 ने भागावी लागते, कारण या संख्येला स्वतःशीच बारा वेळा गुणलं की बरोबर 2 येतात. कारागिरांनी त्याचं हाताला सोपं रूप केलं: उरलेली लांबी 17.817 ने भागा, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. 648 मिमीच्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून 36.37 मिमीवर येतो, दुसरा 70.70 वर, तिसरा 103.10 वर आणि बारावा बरोबर मध्यावर, 324 वर. एक काळजी मात्र घ्यायची. प्रत्येक खाच आधीच्या खाचेपासून न मोजता नटपासूनच मोजा. नाहीतर दर वेळची केसाएवढी चूक साठत जाते आणि वरच्या फ्रेटवर उघडी पडते.

ती किती उघडी पडते तेही पाहा. बाराव्या फ्रेटला 1 मिमीची चूक झाली तर सूर सुमारे 5 सेंटने हलतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. हीच चूक बाविसाव्या फ्रेटला झाली तर साडेनऊ सेंटच्या आसपास जाते, कारण तिथे तारच जेमतेम 182 मिमी उरलेली असते. पाच सेंट एकट्या तारेवर बहुतेकांना कळणार नाहीत, पण कॉर्ड धरला की कुठेतरी बोचत राहतात.

म्हणून पहिल्या गिटारसाठी माझा स्पष्ट सल्ला: खाचा पाडलेली पट्टी विकत घ्या. मशीनवर पाडलेल्या खाचा हाताच्या करवतीपेक्षा नेमक्या असतात, आणि तुमचं सगळं लक्ष नेक, जोड आणि फ्रेटच्या फिनिशिंगकडे देता येतं. घेताना स्केल लांबी लिहिलेली आहे का ते बघा आणि घरी आल्यावर नटची कड ते बारावी खाच मोजून ती स्केलच्या निम्मी भरते का याची खात्री करा. खाचेची रुंदी बहुधा 0.6 मिमीच्या आसपास असते. तुमच्या फ्रेट वायरची जीभ त्यात नीट बसते का, हे एक तुकडा घालून पाहायलाच हवं. जीभ सैल असेल तर फ्रेट उचलला जातो. फार घट्ट असेल तर दुसरीच अडचण: प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा लाकूड थोडं उघडतो. एका खाचेत 0.01 मिमी म्हटलं तरी 22 फ्रेट मिळून वरची बाजू 0.22 मिमीने लांब होते आणि नेक मागच्या बाजूला वाकते. थोडा असा वाक कारागीर मुद्दाम आणतात, कारण तारांचा ताण नेकला उलट दिशेला ओढत असतो. पण नकळत आलेला वाक ट्रस रॉडलाही आवरत नाही.

आता गोलाई. फ्रेटबोर्डची वरची बाजू बहुतेक गिटारींत किंचित फुगीर असते. हा फुगीरपणा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो आणि त्या वर्तुळाच्या त्रिज्येवरून त्याला रेडियस म्हणतात. जुन्या फेंडरचा रेडियस 7.25 इंच, हल्लीच्या फेंडरचा 9.5, गिब्सनचा 12. क्लासिकल गिटारचा फ्रेटबोर्ड सपाटच असतो. आकडा जितका लहान तितकी गोलाई जास्त. लहान रेडियसवर बार कॉर्ड (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचे) आरामात बसतात, पण वरच्या फ्रेटवर तार जोरात बेंड केली की ती मधल्या उंचवट्याकडे सरकते, पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. 12 इंच हा मधला मार्ग आहे आणि पहिल्या गिटारला तो पुरेसा आहे.

रेडियसचा जाडीशी थेट संबंध असतो, तो सहसा कोणी सांगत नाही. बाविसाव्या फ्रेटजवळ पट्टी 57 मिमी रुंद असेल तर 12 इंच रेडियससाठी कडा मधल्यापेक्षा 1.3 मिमी खाली जातात. 7.25 साठी 2.2 मिमी. म्हणजे 6 मिमीची पट्टी कडेला 3.8 मिमीच उरते, आणि त्यात फ्रेटची 2 मिमी खोल खाच हवी. सपाट पट्टीवर आधीच पाडलेल्या खाचा गोलाई घासल्यावर कडेला उथळ होतात, तिथे त्या पुन्हा खोल कराव्या लागतात. हे टाळायचं तर रेडियससकट तयार पट्टी घ्या, किंवा 7 मिमीपेक्षा पातळ लाकडावर लहान रेडियस घासू नका.

पाणी

लाकूड कापून वर्षं लोटली तरी हवेतला ओलावा शोषत आणि सोडत राहतं. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत उघडं ठेवलेलं लाकूड हळूहळू 17 टक्क्यांच्या जवळ पाणी धरतं. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांवर उतरते, आणि तशा हवेत लाकूड 5 टक्क्यांकडे जाऊ लागतं. गिटारच्या कारखान्यांत साधारण 45 ते 50 टक्के आर्द्रता राखतात. त्या हवेत लाकडात 8-9 टक्के पाणी असतं.

पाणी कमी-जास्त झालं की लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. आणि रुंदीत किती हलणार हे फळी ओंडक्यातून कशी कापली यावर अवलंबून असतं. पट्टी टोकाकडून बघा, म्हणजे जिथे करवतीने आडवी कापली आहे त्या बाजूने. वाढीच्या रेषा तिथे उभ्या दिसल्या तर ती पट्टी कमी हलणारी. रेषा आडव्या, पट्टीच्या रुंदीला समांतर दिसल्या तर जास्त हलणारी आणि कडा उचलून वाटीसारखी होण्याची शक्यता असलेली. तिरप्या असतील तर मधली. एकाच वखारीतल्या, एकाच ओंडक्याच्या दोन फळ्यांमध्ये हा फरक दुपटीचा असू शकतो.

शिसवाचं, म्हणजे भारतीय रोझवूडचं, उदाहरण घेऊ. 57 मिमी रुंद पट्टीतलं पाणी 16 टक्क्यांवरून 6 वर उतरलं तर आकसण्याच्या कोष्टकांवरून हिशेब असा येतो: उभ्या रेषांची पट्टी सुमारे अर्धा मिलिमीटर आकसेल, आडव्या रेषांची 1.1 मिमी. मेपल उभ्या रेषांचं असलं तरी 0.9 मिमी, आणि आफ्रिकन आबनूस (एबनी) दीड मिमीच्या पुढे. नेकला चिकटवलेली, तेल किंवा लॅकर लावलेली पट्टी प्रत्यक्षात इतक्या सहज आणि इतकी हलत नाही. पण कोणतं लाकूड किती चंचल आहे याचा क्रम यातून नेमका कळतो.

फ्रेट मात्र धातूचे. ते आकसत नाहीत. म्हणजे पावसाळ्यात बसवलेल्या फ्रेटची टोकं उन्हाळ्यात नेकच्या दोन्ही कडांना बाहेर येतात. कडेवरून अंगठा सरळ खालून वर फिरवला की प्रत्येक फ्रेटशी बारीक काटा टोचावा तसं लागतं. रत्नागिरीला बनवलेली गिटार औरंगाबादला किंवा अमेरिकेतल्या हीटर लावलेल्या घरात नेली की हेच होतं, आणि माणसं लाकूड खराब निघालं म्हणतात. लाकूड खराब नसतं. ते ओलं असताना काम झालेलं असतं.

यावरचा उपाय स्वस्त आहे. पट्टी आणल्यावर लगेच कामाला घेऊ नका. जिथे गिटार राहणार त्याच खोलीत, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी, बारक्या लाकडी काड्यांवर आडवी ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, वाकते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि पेन्सिलने तारखेसकट पट्टीच्या मागच्या बाजूलाच लिहा. वजन उतरत असेल तर लाकडातून अजून पाणी जातंय. सलग दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की पट्टी खोलीच्या हवेशी जुळली. ओलावा मोजायचं मीटर असलं तर उत्तमच, पण वजनाची ही रीत त्याच्याइतकीच विश्वासाची आहे.

आणि हंगाम निवडा. पट्टी चिकटवणं आणि फ्रेट ठोकणं ही दोन कामं शक्य तितकी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. तेव्हा महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हवा वर्षभराच्या दोन टोकांच्या मधली असते. पावसाळ्यात बॉडी कोरा, डिझाइन काढा, वायरिंगचा अभ्यास करा.

आता लाकडाची जात

आपल्याकडे राहणाऱ्याला याचं उत्तर घराजवळ सापडतं. जगभर ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ते म्हणजे आपला शिसव. आजोबांच्या काळातले शिसवी झोपाळे, पलंग आणि पाट याच लाकडाचे. पश्चिम घाटात, विशेषतः कर्नाटक-केरळच्या बाजूला, त्याची चांगली झाडं होतात. एकेकाळी गिटारच्या जगात ब्राझिलियन रोझवूडचं राज्य होतं. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर मार्टिन कंपनी 1969 मध्ये भारतीय शिसवाकडे वळली. 1992 पासून ब्राझिलियन रोझवूडच्या व्यापारावर सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली सर्वांत कडक बंदी आली. जगाने मग शिसव स्वीकारला तो निव्वळ नाइलाजाने नाही. तो कठीण आहे, कमी आकसतो, आणि त्यात नैसर्गिक तेलकटपणा असल्यामुळे वर लॅकर लावावं लागत नाही. मी पहिल्या गिटारसाठी डोळे मिटून हाच सुचवतो.

फक्त बाजारात एक घोटाळा आहे. फर्निचरच्या दुकानांत शीशम म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा उत्तर भारतातलं शिसू असतं. दोन्ही एकाच कुळातली झाडं, पण लाकूड वेगळं. शिसूचा रंग सोनेरी-तपकिरी, शिसवाचा जांभळट-तपकिरी आणि मध्ये काळपट रेषा. कठीणपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे, ज्यात लाकडात पोलादी गोळी अर्ध्यापर्यंत रुतवायला किती जोर लागतो ते पाहतात. त्यात शिसव 2440 पौंडांच्या आसपास आणि शिसू 1660 च्या आसपास. शिसूचा फ्रेटबोर्ड होत नाही असं नाही, हार्ड मेपलही 1450 लाच असतं. पण शिसवाचे पैसे देऊन शिसू घरी आणू नका. रंधा मारून ताजा पृष्ठभाग पाहिल्याशिवाय ठरवू नका. जुन्या पॉलिशखाली सगळंच काळं दिसतं.

जुन्या लाकडाचा मार्ग मला फार आवडतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजार आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत मोडके शिसवी पलंग, खुर्च्यांचे हात, कपाटाच्या चौकटी येतात. फ्रेटबोर्डला लागतं ते साधारण 520 मिमी लांब, 65 मिमी रुंद आणि 9-10 मिमी जाड एवढं. पलंगाच्या बाजूच्या लांब पट्टीतून ते आरामात निघतं. दशकानुदशकं घरात राहिलेलं लाकूड आतून शांत झालेलं असतं. घेताना चार गोष्टी पाहा. चुंबक फिरवून खिळे शोधा, कारण एक लपलेला खिळा करवतीचं पातं संपवतो. वाळवी किंवा भुंग्याची भोकं असतील तर सोडून द्या. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, एका टोकाला डोळा लावून पाहा, दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे. आणि टोकाच्या रेषा, त्या वर सांगितल्याच.

शिसवाची धूळ त्रासदायक असते. घासताना गोडसर वास येतो तो छान वाटतो, पण अनेकांना त्याने अंगावर पुरळ उठतं किंवा दम लागतो. मास्क लावूनच घासा, घर बंद करून घासू नका.

दुसरं नाव ऐन. आपल्या सह्याद्रीत मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला हा वृक्ष डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. घरांच्या तुळया आणि खांबांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. गेल्या काही वर्षांत स्क्वायर आणि एपिफोन यांच्या स्वस्त गिटारींच्या माहितीपत्रकात फ्रेटबोर्डसमोर 'इंडियन लॉरेल' असं लिहिलेलं दिसतं. ते लाकूड म्हणजे हा ऐन. 2017 मध्ये रोझवूडच्या साऱ्या जातींवर परवान्यांचा जाच आला तेव्हा कंपन्यांनी पर्याय शोधले, त्यातला हा एक. कठीणपणात तो शिसवाच्या अगदी जवळ आहे, रंग तपकिरी, रेषा कधी नागमोडी. शिसवापेक्षा ऐन जास्त हलतो आणि सुकताना चिरतो, म्हणून हिरवा ऐन आणून घरी सुकवण्याच्या भानगडीत पडू नका. पण जुन्या घराच्या वाशातला, नीट मुरलेला, सरळ रेषांचा ऐन मिळाला तर त्याचा फ्रेटबोर्ड अवश्य करा. आपल्या डोंगरातलं लाकूड आपल्या हाताखाली आहे याचा आनंद वेगळाच असतो.

आबनूस, म्हणजे एबनी, हे सगळ्यांत मानाचं लाकूड. व्हायोलिनपासून महागड्या गिटारपर्यंत काळाभोर, गुळगुळीत फ्रेटबोर्ड त्याचाच. जांका चाचणीत आफ्रिकन आबनूस 3000 च्या वर जातो. पण तो आकसतोही सगळ्यांत जास्त आणि ठिसूळ असतो, जुना फ्रेट उपटताना खाचेच्या कडेचे टवके निघतात. त्याच्या काळ्या रंगामागची गोष्ट माहीत असावी. टेलर गिटार्स कंपनीने 2011 मध्ये स्पॅनिश भागीदाराबरोबर कॅमेरूनमधली आबनूसाची एक गिरणी घेतली. तिथे त्यांना कळलं की बाजाराला निव्वळ काळं लाकूड हवं म्हणून जंगलात झाडं पाडली जात होती, आणि ज्यांच्या गाभ्यात तपकिरी पट्टे निघत ती तिथेच सोडून दिली जात होती. पाडल्याशिवाय आत कोणता रंग आहे हे कळत नाही. तेव्हापासून टेलर पट्टे असलेला आबनूस सर्रास वापरते. त्याच्या मजबुतीत काही कमी नसतं. तुम्हाला आबनूस हवाच असेल तर पट्टेवालाच घ्या. स्वस्त पडतो, आणि काळा दिसावा म्हणून लावलेल्या रंगाची शंकाही राहत नाही.

विदर्भातला तेंदू, ज्याची पानं विडीला जातात, तोही आबनूसाच्याच कुळातला. त्याच्या मोठ्या झाडाचा गाभा काळा असतो. पण गाभा लहान आणि वेडावाकडा निघतो, 500 मिमी लांबीची सरळ पट्टी त्यातून मिळणं नशिबाचा भाग आहे.

मेपलची गोष्ट वेगळी. 1950 मध्ये फेंडरने टेलिकास्टरची पूर्वज असलेली गिटार आणली तेव्हा तिला वेगळा फ्रेटबोर्ड नव्हताच. मेपलच्या एकाच तुकड्याची नेक आणि फ्रेट थेट तिच्यातच. 1958 च्या जॅझमास्टरवर त्यांनी पहिल्यांदा रोझवूडची पट्टी लावली आणि पुढच्या वर्षी ती इतर मॉडेल्सवरही आली. मेपल फिकट असतं, त्यावर लॅकर लावावंच लागतं, आणि लॅकर झिजलं की घाम आणि मळ आत शिरून काळे डाग पडतात. आपल्या दमट किनाऱ्यावर, घामेजल्या हातांना हे जास्त लवकर होतं. शिवाय मेपल आयात करावं लागतं. दिसायला आवडत असेल तर घ्या, पण त्याच्या पॉलिशचं काम वेगळं शिकावं लागेल.

पाऊ फेरो, वेंगे, पर्पलहार्ट, पडौक ही सगळी चालणारी लाकडं आहेत. चांगली सुकलेली पट्टी हाती आली तर नाही म्हणू नका. सागवान मात्र टाळा. ते कमी हलतं, टिकाऊ आहे, घरोघरी मिळतं, पण फ्रेटबोर्डसाठी मऊ पडतं. काही वर्षांत तारांखाली खड्डे पडतात.

कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेलं रिचलाइट नावाचं साहित्यही मिळतं. मार्टिन आणि गिब्सन दोघांनीही ते वापरलं आहे. दमट हवेत ते लाकडापेक्षा कितीतरी कमी हलतं. ज्याला पावसाळ्याची कटकटच नको त्याने त्याचा मनापासून विचार करावा. लाकूड नाही म्हणून ते कमी दर्जाचं, असं मला वाटत नाही.

आवाजाचं काय?

फरक असतो, पण तो ऐकू येण्याइतका असतो का याबद्दल मी सावध आहे. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा अकूस्टिक गिटारी करवून घेतल्या. सगळ्या सारख्या, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. डोळ्यांनी ओळखता येणार नाही अशी व्यवस्था करून 52 गिटारवादकांना त्या वाजवायला दिल्या, तर महागड्या आणि स्वस्त लाकडाच्या गिटारींना मिळालेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हा प्रयोग फ्रेटबोर्डवर नव्हता, हे खरं. पण जिथे गिटारच्या आख्ख्या पाठीचं लाकूड ओळखता येत नाही तिथे 6 मिमीच्या पट्टीवरून सुराचे स्वभाव सांगणं मला पटत नाही. तारा, पिकअप, फ्रेट नीट बसले आहेत की नाही, नटची खाच किती खोल, यांचा परिणाम कितीतरी मोठा. बोटांना पट्टी कशी लागते हे मात्र खरं असतं. गुळगुळीत आबनूस, किंचित रंध्र असलेला शिसव आणि लॅकरचं मेपल यांचा स्पर्श वेगवेगळा आहे, आणि त्यावरून निवड करणं योग्यच आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. शिसव वखारीतून किंवा वन विभागाच्या लिलावातला माल विकणाऱ्याकडून पक्क्या बिलावर घ्या. बिलाशिवाय मिळणारं स्वस्त शिसव कोणत्या जंगलातून आलं हे आपल्याला माहीत नसतं, आणि तो धंदा आपण वाढवू नये. 2 जानेवारी 2017 पासून रोझवूडच्या साऱ्या जाती सायटिसच्या यादीत आल्या होत्या, पण 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे शिसवी फ्रेटबोर्डची तयार गिटार परदेशी जाताना सोबत न्यायला हरकत नाही. ब्राझिलियन रोझवूडला ही सूट नाही.

पट्टी ठरली की चिकटवताना पाण्याचाच विचार पुन्हा करायचा. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं. पातळ पट्टीच्या एकाच बाजूला ते लागलं की ती बाजू फुगते आणि पट्टी वाकते. म्हणून गोंद पातळ थरात, दोन्ही पृष्ठभागांवर लावा, दोन बारीक खिळ्यांनी पट्टी जागेवर धरून ठेवा म्हणजे क्लॅम्प आवळताना ती घसरणार नाही, आणि वर एक सपाट जाड फळी ठेवून सगळीकडे सारखा दाब द्या. ट्रस रॉडच्या खाचेत गोंद उतरू देऊ नका. आबनूसासाठी मी इपॉक्सी पसंत करतो, त्यात पाणी नसतं. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी काढले तरी गोंदातलं पाणी लाकडातून बाहेर पडायला वेळ लागतो. दोन आठवडे नेक तशीच ठेवा, मग लोखंडी सरळ पट्टी लावून पाहा. काही वाक आलेला दिसला तर आत्ता रेडियस ब्लॉक (गोलाई घासायचा, सँडपेपर लावलेला ठोकळा) फिरवून तो काढता येतो. फ्रेट ठोकल्यावर तोच वाक काढायचा तर सगळे फ्रेट उपटावे लागतात.